बासष्ट सकाळींचं मौन

चातुर्मासात विजयमाला दर वर्षी काही ना काही सोडायची. एका वर्षी मीठ, एका वर्षी वांगं, एका वर्षी पायातली चप्पल. दोन हजार सहा साली तिनं बोलणं सोडलं. सगळं नव्हे, सकाळी अंघोळ झाल्यापासून दुपारी बाराचे ठोके पडेपर्यंत. पण ते साधं मौन नव्हतं, काष्ठमौन होतं. खुणा करायच्या नाहीत, कागदावर लिहून दाखवायचं नाही, हुंकारसुद्धा द्यायचा नाही.

तिचा नवरा सयाजी म्हणाला, “आता बारापतोर या घरात बोलायचं कुणी?”

“मी हाय की दादा!” धाकटी जाऊ क्रांती पोळ्या लाटता लाटता आतनंच ओरडली. “अक्कांच्या वाटणीचंबी मीच बोलते.”

सगळे हसले. विजयमालाही ओठ मिटून हसली. मनात म्हणाली, माझ्या वाटणीचं आणखी काय काय घेणार आहेस गं बाई.

इंगवल्यांचा फोटो स्टुडिओ गंगावेशीत होता. सयाजी फोटो काढायचा आणि विजयमाला टचिंग करायची. लग्न होऊन आली तेव्हा सासऱ्यांनी तिच्या हातात टोक काढलेली पेन्सिल दिली आणि तिला काचेच्या तिरक्या टेबलापाशी बसवलं. काचेवर निगेटिव्ह ठेवायची, खालून आरशाचा उजेड घ्यायचा आणि देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, कपाळावरची आठी पेन्सिलीच्या बारीक ठिपक्यांनी भरून काढायची. काळ्यापांढऱ्या फोटोला कापसाच्या बोळ्यानं रंग चढवायचे. तिचा हात इतका हलका होता की मलकापुराकडची माणसंसुद्धा यायची आणि म्हणायची, “वैनींच्या हातचंच टचिंग पायजे.” असं वीस वर्षं चाललं.

मग सयाजीच्या धाकट्या भावाचं, ऋतुराजचं लग्न झालं. तो कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत नोकरीला. त्याला फोटोंशी देणंघेणं नव्हतं. पण त्याची बायको कॉम्प्युटरचा कोर्स करून आली होती. तिला येऊन वर्ष होतंय न होतंय तोच लाल दिव्याची डार्करूम मोडली आणि तिथं कॉम्प्युटर बसला. रोलचे कॅमेरे कपाटात गेले, डिजिटल आला. टचिंगचं टेबल माळ्यावर चढलं. क्रांतीनं नवरा-नवरीला कमळात उभं केलं, मागून दोन हंस सोडले, आणि गिऱ्हाइकं तोंडात बोट घालून बघत राहिली. सयाजी आल्यागेल्याला सांगायचा, “हे आमच्या क्रांतीचं काम!” वीस वर्षांत त्यानं ‘हे आमच्या विजयमालाचं काम’ असं कुणाला सांगितल्याचं तिला आठवत नव्हतं.

क्रांती मनानं वाईट असती तर सोपं झालं असतं. पण ती वाईट नव्हती. एकदा तिनं विजयमालाला हाताला धरून खुर्चीत बसवलं. “बघा अक्का, तुमचं पेन्सिलीचं काम हे एवढंसं बटण करतंय,” म्हणाली, आणि एका बाईच्या गालावरचा डाग टिचकीसरशी घालवून दाखवला. कौतुकानंच दाखवला. विजयमाला “छान हाय की,” म्हणाली आणि उठली.

स्टुडिओ उघडायचं काम मात्र अजून विजयमालाकडेच होतं. नऊला कुलूप काढायचं, उंबऱ्याला पाणी घालायचं, अंबाबाईच्या आणि जोतिबाच्या तसबिरीला उदबत्ती ओवाळायची, तीच उदबत्ती कॅमेऱ्यांवरून आणि कॉम्प्युटरवरून फिरवायची, मग बटण दाबून कॉम्प्युटर चालू करून ठेवायचा. क्रांती घरचं आवरून दहाला यायची.

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी बटण दाबलं आणि नेहमीचं चित्र आलंच नाही. काळ्या स्क्रीनवर पांढरी इंग्रजी अक्षरं आली. विजयमाला बारावी झालेली होती. सगळं नाही, पण ‘बॅड’ कळलं, ‘बॅकअप’ कळलं, आणि खाली लिहिलं होतं की पुढं जायचं तर एफ-वन दाबा. तिनं देवाचं नाव घेऊन दाबलं. मशीन नेहमीसारखं चालू झालं.

दहाला क्रांती आली. विजयमालाचं मौन चालू होतं. बाराला ठोके पडले तेव्हा सयाजी एका पाहुण्याला कमळातली नवरी दाखवत होता आणि पाहुणा म्हणत होता, “ही सून न्हवं, लक्ष्मी हाय तुमची.” विजयमालानं मनात म्हटलं, सांगू सावकाश.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच अक्षरं. तिसऱ्या दिवशीही. ती एफ-वन दाबत राहिली.

राखीपौर्णिमेला क्रांती माहेरी गेली, आणि नेमका त्याच दुपारी सोमशेखर प्रिंटर दुरुस्त करायला आला. हा गडहिंग्लजकडचा, गंगावेशीतल्या निम्म्या दुकानांतले कॉम्प्युटर त्याच्या हाताखालचे. विजयमालानं त्याच्यापुढं चहा ठेवला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, “सोमशेखर, सकाळी सकाळी ते बॅड म्हणून काय येतंय?”

सोमशेखरनं कप खाली ठेवला. “एफ-वन दाबा म्हणतंय व्हय? मग अवघड हाय अक्का. हार्ड डिस्क म्हंजे तुमची ती निगेटिव्हची पेटी समजा. सगळे फोटो तिच्यातच. आता ती पेटीच सांगाय लागलीय की मला वाळवी लागलीय, आतलं काढून घ्या.”

“किती दिवस चालंल?”

“ते कोण सांगणार? वरीसभर चालंल, न्हाईतर उद्या बसंल. बंद करून चालू करताना लई दम लागतोय त्याला, एखाद्या दिवशी उठणारच न्हाई. लगीनसराईचे फोटो सीडीवर मारून ठेवल्यात न्हवं ताईंनी?”

ठेवले नव्हते, नऊच्या नऊ लग्नांचे. ‘अल्बम झाले की एकदम मारते,’ असं क्रांती उन्हाळ्यापासून म्हणत होती. डिजिटल कॅमेऱ्यातलं कार्ड तर दर लग्नानंतर पुसून पुन्हा वापरायचे.

“ताईंना फोन लावू काय?” सोमशेखरनं विचारलं.

“कशाला, राखीला गेलीय बिचारी. आली की मी सांगते.”

क्रांती आली. विजयमालानं सांगितलं नाही.

फोटो जावेत असं तिला वाटत नव्हतं. तेवढी वाईट ती नव्हती. क्रांतीला एकदा तरी काही जमू नये, एवढंच तिला हवं होतं. एकदा तरी सयाजीनं मान वर करून माळ्याकडं बघावं, जिथं निगेटिव्हच्या पेट्या सालवारीनं लावलेल्या होत्या, वाळवी न लागलेल्या. सकाळी ती अक्षरं बघताना तिचं तोंड नेमानं बांधलेलं असायचं. नेम देवाचा होता, त्याला ती काय करणार? आणि बारानंतर तोंड मोकळं व्हायचं तेव्हा हजार कामं असायची. असं ती स्वतःला सांगायची. कॅलेंडरवर मौनाच्या प्रत्येक दिवसाला कुंकवाचा ठिपका द्यायची. ठिपके वाढत गेले.

गौरी-गणपतीत शुक्रवार पेठेतल्या झुंबरबाईंचे मालक केरबा गेले. दिवस झाल्यावर एका दुपारी बाई स्टुडिओत आल्या. त्यांच्या तरुणपणीच्या फोटोला विजयमालानंच रंग चढवला होता. हक्काचं येणं-जाणं होतं.

“विजे, आमच्या म्हाताऱ्याचा एक फोटो न्हाई बघ घरात. जल्मात कधी कॅमेऱ्यापुढं उभा ऱ्हायला न्हाई. नातीच्या लग्नात तुम्ही काढलाय म्हणत्यात, बघ बरं.”

क्रांतीनं उन्हाळ्यातलं ते लग्न उघडलं. शेकड्यांनी फोटो सरकत गेले आणि एक थांबला. गुलाबी फेटा बांधलेले केरबा, तोंडात एक दात नाही, कुणाच्या तरी चेष्टेवर डोळे मिटून हसत होते. क्रांतीनं तो मोठा केला, चेहऱ्यावरची सावली काढली, मागची गर्दी पुसट केली.

झुंबरबाईंनी पदर तोंडाला लावला. “जित्ता केलास गं पोरी त्यास्नी.” मग विजयमालाकडं वळून, डोळे पुसत, कोल्हापुरी मोकळेपणानं म्हणाल्या, “खोटं कशाला बोलू? तुला असं जमलं नसतं बघ विजे.”

“फ्रेम करून देते आजी,” क्रांती म्हणाली. “घाई न्हाई न्हवं?”

“घाई कशाची आता? दिवाळीला लावू भिंतीवर. पर जप हो माझ्या म्हाताऱ्याला.”

“कुठं जातोय? कॉम्प्युटरमधी सुरक्षित हायत आजोबा.”

दुपारचे तीन वाजले होते. विजयमालाचं तोंड मोकळं होतं. एक वाक्य पुरलं असतं. तिनं झुंबरबाईंना पाणी दिलं, खडीसाखर दिली, रिक्षापर्यंत सोडलं. ‘तुला असं जमलं नसतं’ हे तिच्या कानात रात्रीच्या पोथीपर्यंत वाजत राहिलं. पोथीची तीच ओवी ती तीनदा वाचत होती.

नवरात्रात ती पहाटे अनवाणी अंबाबाईला जायची. रांगेत उभी राहून म्हणायची, आई, माझ्या मनातलं हे काढून टाक. गाभाऱ्यापाशी पोचली की मात्र काय काढायचं ते नीट सांगायचं राहून जायचं, आणि मागची बाई पुढं ढकलायची.

खंडेनवमीला सयाजी पहाटेच कॅमेरा घेऊन जोतिबाला गेला. त्या दिवशी हत्यारांची पूजा. कोल्हापुरात गॅरेजवाल्याच्या पान्यापासून शिंप्याच्या मशीनपर्यंत सगळ्याला झेंडूचा हार पडतो आणि दोन दिवस विश्रांती मिळते. विजयमालानं नऊला कुलूप काढलं. पासपोर्टचे चार फोटो द्यायचे राहिले होते म्हणून तिनं कॉम्प्युटरचं बटण दाबलं. स्क्रीन काळीच राहिली. डब्यातून कट्, कट्, कट् असा आवाज आला. दुसऱ्यांदा दाबलं, तेच. तिसऱ्यांदा ती अक्षरं आली, तिनं एफ-वन दाबलं, आणि मशीन कसंबसं उठलं. कट्-कट् मात्र थांबली नाही. आता बंद झालं तर हे पुन्हा उठत नाही, हे कळायला तिला सोमशेखरची गरज नव्हती.

दहाला क्रांती आली. नवी साडी, हातात धूळ उडवायचा ब्लोअर, पिशवीत हार. “अक्का, पासपोर्ट काढते आणि याला झोपवते. आज सण त्याचा! आतनं बाहेरनं धुळीचा निकाल लावते. किती कुरकुरतंय बघा, धूळच बसलीय सगळी.”

फोटो निघाले. घड्याळात सव्वादहा झाले होते. क्रांती गाणं गुणगुणत खुर्चीत पुढं सरकली आणि बंद करायच्या खुणेवर तिनं बाण नेला.

विजयमाला दाराशी उभी होती. तिला काहीच करायचं नव्हतं. नेम पाळायचा, बस्स. देवापुढं ती निर्दोष, घरापुढं निर्दोष. क्रांती स्वतःच्या हातानं बंद करणार, आणि उद्या सयाजी विचारणार ते क्रांतीलाच. नऊ लग्नं. एवढी सोपी गोष्ट देवानं आजवर तिच्या पदरात टाकली नव्हती. आणि मग तिला तो एक दात नसलेला हसरा चेहरा दिसला, डोळे मिटलेला.

“थांब!”

आवाज इतका फाटका निघाला की तिची तीच दचकली. क्रांतीनं हात मागं घेतला. “अगं बाई! अक्का, नेम! माझ्यामुळं मोडला काय? काय झालं, विंचू-बिंचू दिसला?”

“बंद करू नको. परत उठणार न्हाई ते.”

“तुम्हाला काय म्हाईत?”

विजयमाला पुढं आली. “सोमशेखरला फोन लाव. आधी फोन लाव.”

सोमशेखर बाहेरून लावायची नवी डिस्क घेऊन धावत आला. आवाज ऐकून त्यानं जीभ चावली. “राखीपुनवेलाच मी अक्कांना म्हटलं हुतं की, काढून घ्या म्हणून. अजून काढलं न्हाईसा?”

क्रांतीनं विजयमालाकडं बघितलं. तिचा गोल, हसरा चेहरा विजयमालानं असा कधी पाहिला नव्हता.

“कधीपासनं येतंय ते?”

“नागपंचमीपासनं.”

“बरं,” क्रांती म्हणाली. तिनं खुर्ची ओढली. “आधी लग्नं वाचवू. तुमचं-माझं मागनं बघू.”

एकेक लग्न नव्या डिस्कवर जाऊ लागलं. ज्यांचे अल्बम आधी द्यायचे ते आधी घेतले. दिवाळीनंतर द्यायचे होते ते मागं ठेवले, आणि ज्यांना मुळीच घाई नव्हती ते सगळ्यात शेवटी. मशीन मधेच अडायचं, तिघं श्वास धरायचे, पुन्हा पट्टी पुढं सरकायची. बाराचे ठोके पडले ते कुणाला ऐकूही आले नाहीत. दोनच्या सुमाराला आठवं लग्न पार पडलं. नवव्याची पट्टी जराशी सरकली आणि थांबली. कट्-कट् वाढली, मग एकदम गप्प झाली. सोमशेखरनं बंद केलं, चालू केलं, पुन्हा बंद केलं.

“मुंबईला उघडून बघणारे हायत,” तो म्हणाला. “पाठवून बघतो. पर खोटी आशा लावत न्हाई ताई. ही गेली.”

नववं लग्न झुंबरबाईंच्या नातीचं होतं. ते आधी घ्यावं हे त्या धांदलीत विजयमालालाही सुचलं नव्हतं.

संध्याकाळी सयाजी गुलालानं माखून आला आणि ऐकून बसलाच. मग क्रांतीवर भडकला. “मशीन तुझ्या ताब्यात! सीडी मारून ठेव म्हटलं हुतं का न्हाई? आता त्या म्हातारीला काय सांगायचं, नवरा पुसला म्हणून?”

क्रांती खाली मान घालून ऐकत होती. विजयमाला वाट बघत होती, आता ही सांगणार. सांगायलाच हवं होतं.

“चुकलं माझं दादा,” क्रांती म्हणाली. “सीडी मारायला पायजे हुत्या. अक्का बोलल्या म्हणून आठ तरी वाचली.”

सयाजीनं मान वर केली. “नेम मोडून बोलली?” तो विजयमालाकडं वळला, आणि वीस वर्षांत नव्हता असा ओलावा त्याच्या आवाजात आला. “बघ क्रांती. याला थोरली म्हणत्यात. घर राखलं हिनं आज.”

हे ऐकायला ती केवढी आसुसली होती! आणि आता ऐकलं तर घेता येईना. हे सयाजीनं दिलेलं नव्हतं. क्रांतीनं दिलं होतं. टेबल हिनं घेतलं, गिऱ्हाइकं घेतली, झुंबरबाई घेतल्या, आणि आता मोठं मनसुद्धा हिचंच. तेवढं तरी माझ्याकडं ठेवायचं होतंस गं. विजयमाला त्या रात्री जेवली नाही. नवरात्राचा उपासच होता, त्यामुळं कुणाला कळलं नाही.

दसऱ्याला संध्याकाळी सोनं लुटून पुरुष घरी आले. आपट्याची पानं देऊन धाकट्यांनी थोरल्यांच्या पाया पडायचं. क्रांती आली, सयाजीच्या पाया पडली, मग विजयमालाच्या पुढं वाकली. काल ‘मागनं बघू’ म्हणाली होती, पण दिवसभर तिनं एक शब्दही काढला नव्हता. आत्ताही नाही. रीतीनं आली होती, रीतीनं वाकली होती.

विजयमालानं पाय मागं घेतले.

“नको. पडू नको पाया.” मग ती सयाजीला म्हणाली, “अहो, मला बासष्ट दिवस म्हाईत हुतं. रोज सकाळी ते मशीन सांगत हुतं, आणि मी बटण दाबून पुढं जात हुते. सोमशेखरनंबी सांगितलं. मी हिला कळू दिलं न्हाई.”

“का?” सयाजीनं विचारलं. त्याला खरंच कळत नव्हतं.

“जळत हुते म्हणून,” विजयमाला म्हणाली. तिच्या नेहमीच्या हळू आवाजात. “हिच्यावर.”

ऋतुराज उठून बाहेर गेला. सयाजी हातातल्या पानांकडं बघत राहिला.

“झुंबरबाईंकडं मी जाते,” विजयमाला म्हणाली. “त्यांना मीच सांगते.”

क्रांती सरळ उभी राहिली. डोळ्यांत पाणी होतं, पण जीभ शाबूत होती. “जावा की. पण बारानंतर जावा. त्यांना तोंडानं सांगाय लागंल.”

हा टोला विजयमालानं घेतला.

सकाळी तिनं अंघोळ केली, देवापुढं दिवा लावला. कार्तिकी एकादशी महिन्यावर होती. तिनं हात जोडून नेम तिथंच उतरवून ठेवला, कॅलेंडरकडं बघितलं नाही आणि चप्पल पायात घालून शुक्रवार पेठेत गेली. नऊसुद्धा वाजले नव्हते.

झुंबरबाई दारात तांदूळ निवडत होत्या. “विजे? तुझं मौन असतंय न्हवं सकाळचं? ये, बस. फोटो झाला व्हय?”

“न्हाई मावशी,” विजयमाला म्हणाली. “फोटो गेला. माझ्यामुळं गेला. कसा, ते सांगाय आले.”

झुंबरबाईंचा सुपातला हात थांबला. त्यांनी ‘बस’ पुन्हा म्हटलं नाही. विजयमाला उभ्यानंच सांगू लागली, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवसापासून.